पत्त्यांचे चार रंग आणि टॅरोचे चार सूट : अर्थ आले कुठून?

शर्वरी_पु

नमस्कार मंडळी,

मावसबहीण सध्या टॅरो, म्हणजे पत्ते मांडून भविष्य सांगणं, शिकते आहे. तिच्या वर्गात सांगितलेलं असं : टॅरोतही आपल्यासारखे चार रंग, त्यांना सूट म्हणतात. त्यातल्या तलवारी म्हणजे आपलं इस्पिक, तत्त्व वायू, विषय बुद्धी आणि कटकटी. प्याले म्हणजे बदाम. तत्त्व जल, विषय प्रेम-भावना. नाणी, ज्यांना ते लोक पेंटॅकल्स म्हणतात, ती चौकट. तत्त्व पृथ्वी, विषय पैसाअडका. आणि वाँड्स म्हणजे काठ्या, त्या किलवर. तत्त्व अग्नी, विषय धडाडी. हे सगळं म्हणे प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांनी पत्त्यांत लपवून ठेवलं, म्हणजे देवळं पडली, पोथ्या जळाल्या तरी ज्ञान जुगाऱ्यांच्या हातात सुखरूप राहील.

शेवटची कल्पना मला फार आवडली, पण पटली नाही. तर जाणकारांना प्रश्न : ही जोडणी नेमकी कुणी केली, कधी केली? आणि पत्त्यांतल्या चिन्हांना मुळात काही अर्थ होता, की नुसतीच नक्षी?

टॅरो खरं की खोटं यावर भांडू नका ही विनंती. त्यासाठी जुने धागे वर काढता येतात.

खवचट_खान

बदाम म्हणजे प्रेम-भावना? आमच्या सोसायटीत बदाम सात खेळताना छक्की आणि अठ्ठी दोन्ही दाबून बसणाऱ्या एक काकू आहेत. त्यांना कळवतो.

कमी_तिखट

पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

जुना_बाजार

शर्वरीताई, इजिप्त बरोबर आहे, पुजारी चुकले.

युरोपात पत्ते पोचले ते १३७०च्या दशकात, आणि आले ते मामलुक सुलतानांच्या राज्यातून, म्हणजे इजिप्त-सिरियाकडून, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. फेअरोंचा काळ मागे पडून हजारभर वर्षं उलटून गेली होती. १३७७ साली फ्लॉरेन्सनं पत्त्यांवर निर्बंध घातले आणि त्याच साली योहानेस नावाच्या एका साधूनं पत्त्यांवर लॅटिन ग्रंथ लिहिला. आल्या आल्या बंदी आणि आल्या आल्या प्रबंध!

मामलुक पत्त्यांचा एक संच इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या संग्रहालयात आहे. त्यात चार रंग : प्याले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. राजाच्या पत्त्यावर राजाचं चित्र नाही. राजा, नायब आणि दुय्यम नायब अशी फक्त नावं सुलेखनात, बाकी वेलबुट्टी. (नायब तहसीलदारातला नायब तो हाच.) आता ही चारच चिन्हं का? सुलतानाच्या दरबारात प्याला भरणारा, तलवार बाळगणारा, पोलोच्या काठ्या सांभाळणारा असे मानाचे हुद्दे होतेच. तेव्हा हे दरबारी सामान आहे, इतकं म्हणता येतं.

युरोपात पोलो कुणी खेळत नव्हतं. त्यामुळे त्या वाकड्या काठ्यांचं काय करायचं हे चित्रकारांना कळेना. इटलीत त्याचे राजदंडासारखे दंडुके झाले, स्पेनमध्ये झाडाची फांदी तोडून आणावी तसे सोटे. तुमच्या बहिणीची 'अग्नितत्त्वाची काठी' ती ही.

टॅरो म्हणजे याच चार रंगांना २२ चित्रांचे जादा पत्ते जोडून साधारण १४४० च्या सुमारास उत्तर इटलीत, मिलान-फेरारा भागात तयार झालेला खेळ. ५६ अधिक २२, एकूण ७८. ते २२ म्हणजे, एक विदूषक सोडला तर, कायमचा हुकूम. तीनशेहून जास्त वर्षं लोक त्यानं हात करायचे, कापायचे आणि हरले की भांडायचे. फ्रान्समध्ये आजही हा खेळ जोरात आहे.

इजिप्तची कथा १७८१ ची. पॅरिसमध्ये कूर द जेबलँ नावाच्या विद्वानानं कुणाकडे तरी टॅरोचा डाव पाहिला आणि हे इजिप्शियन ज्ञानाचं पुस्तक आहे असं जाहीर केलं. इजिप्तची लिपी वाचायची किल्ली ठरलेली रोझेटा शिळा सापडली १७९९ साली, आणि शाँपोलियाँनं चित्रलिपी उलगडली १८२२ मध्ये. जेबलँच्या वेळी इजिप्तचं एक अक्षर जगात कुणाला वाचता येत नव्हतं. त्यामुळे खोडून काढायलाही कुणी नव्हतं.

आणि गंमत म्हणजे पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचं पहिलं गाजलेलं पुस्तक त्याच्याही आधीचं, १७७० चं. लेखक एतेइया, म्हणजे आल्येत हे आडनाव उलटं लिहून घेतलेलं टोपणनाव. ते टॅरोवर नव्हतं, साध्या ३२ पत्त्यांवर होतं. टॅरो हाताशी नाही म्हणून साधा कॅट घेतला असं बहिणीला वाटत असेल, तर छापील परंपरेचा क्रम बरोबर उलटा आहे.

कमी_तिखट

दंडवत घ्या काका. वाचनखूण साठवली.

आकाशवेल

मी टॅरो वाचते, पैसे घेऊन वाचते, आणि जुना_बाजार यांनी लिहिलेलं बहुतेक सगळं मला मान्य आहे. इजिप्तची कथा अजून वर्गात सांगतात याचा आम्हालाही वैताग येतो.

पण एक मुद्दा राहिला. आज जगभर जो टॅरो चालतो तो १७८१ चाही नाही. तो डिसेंबर १९०९ मध्ये लंडनला रायडर कंपनीनं काढलेला. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्याआधी बहुतेक डावांत तलवारीची पंजी म्हणजे नुसत्या पाच तलवारी, जसं आपल्याकडे बदामाच्या पंजीवर पाच बदाम. पामेलानं प्रत्येक पत्त्यावर प्रसंग काढला. तलवारीची तिर्री घ्या : राखाडी आभाळ, तिरका पाऊस, आणि मधोमध लाल हृदयात आरपार तीन तलवारी. माणूस नाही, घर नाही, काही नाही. समोर बसलेल्या बाईला मी अर्थ सांगायच्या आधीच तिचे डोळे भरतात. आता ते वायुतत्त्व आहे की नाही यानं काय फरक पडतो?

चार तत्त्वांची आजची जोडणी मुख्यतः हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाची. स्थापना लंडन, १८८८. वेट आणि पामेला दोघंही त्यातलेच. त्याआधी फ्रान्समध्ये एलिफास लेवीनं पत्ते हिब्रू अक्षरांशी आणि गूढविद्येशी जोडले होते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर : एकोणिसावं शतक.

तर्कटराव

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी चार हौशी लोकांनी बसून ठरवलं आणि आपण पैसे देऊन ऐकतो. छान.

आकाशवेल

@तर्कटराव, पैसे तुम्ही देत नाही आहात. निवांत राहा.

संपादक

धागाकर्तीची विनंती वर आहे. खरं-खोटं इथे नको.

पुणे_टू_मिलान

तलवारीच्या तिर्रीवरून आठवलं. इथे मिलानमध्ये ब्रेरा संग्रहालयात 'सोला बुस्का' नावाचा टॅरोचा डाव आहे, साधारण १४९१ चा. छोट्या रंगांच्या पत्त्यांवरही प्रसंग असलेला हा फार जुना डाव. त्यात तलवारीच्या तिर्रीवर चक्क हृदयात घुसलेल्या तीन तलवारी आहेत! त्याचे फोटो १९०७ साली ब्रिटिश म्युझियममध्ये आले आणि पामेलाबाईंनी ते पाहिले असणार, कारण साम्य योगायोगाचं नाही.

पण खरी मजा पुढे. त्याच डावात तलवारीच्या दश्शीवर एक माणूस दहा तलवारींची मोळी कवेत घेऊन, तोंड त्यातच खुपसून, वाकून चाललाय. हेच चित्र १९०९ मध्ये पामेलानं घेतलं, फक्त तलवारी काढून काठ्या दिल्या. त्यामुळे आता काठ्यांची दश्शी म्हणजे 'कामाचं ओझं'. आकाशवेल, ओझं वाहणारा तोच, पण आधी वायू होता, आता अग्नी झाला. मग अर्थ रंगाचा की चित्राचा?

जाता जाता, इथली म्हातारी मंडळी बारमध्ये स्कोपा खेळतात. ४० पत्ते, प्याले-नाणी-तलवारी-दंडुके. नाण्यांच्या सत्तीला 'सेत्तेबेल्लो' म्हणतात. ती ज्याच्या हाती लागेल त्याला एक गुण, आणि ज्याच्याकडे नाण्यांचे पत्ते जास्त त्याला आणखी एक. इथे नाण्यांचा रंग म्हणजे पैसा असं शिकवावं लागत नाही. सत्ती कुणी उचलली की समोरचा म्हातारा टेबलावर असा काही हात आपटतो की कॉफीचे कप नाचतात.

आकाशवेल

हे मला माहीत होतं, पण असं शेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं. माझं उत्तर : चित्राचा. रंग मला फक्त सूर लावून देतो. दहापैकी सहा पत्ते प्याल्यांचे आले तर बोलणं नोकरीवर नेत नाही, एवढंच.

नागपुरी_संत्रं

आमच्याकडे लहानपणापासून हुकुम, लाल पान, चिडी आणि ईट. आता बघा, ईट म्हणजे वीट, म्हणजे पृथ्वी. जमलं. पण चिडी उडते, म्हणजे ती वायू व्हायला पाहिजे, आणि ताई सांगतात किलवर अग्नी. इंग्रजांनी विदर्भाला विचारलंच नाही न भाऊ.

खवचट_खान

विदर्भावर अन्याय, प्रकरण १०८.

मंजिरी_झु

मी झुरिकजवळ राहते. इथला राष्ट्रीय खेळ यास. पत्ते ३६, आणि रंग कुठले? गुलाबाची फुलं, घुंगरं, एकोर्न म्हणजे ओकची फळं, आणि ढाली. बदाम नाही, इस्पिक नाही. राणीही नाही! राजा, त्याच्या हाताखाली 'ओबर', त्याच्या हाताखाली 'उंटर', आणि दश्शीच्या जागी निशाण. सासूबाई आल्या होत्या तेव्हा कॅट हातात घेऊन म्हणाल्या, "यांच्याकडे बायका खेळतात की नाही मग?"

पश्चिमेकडे गेलं की हेच स्विस लोक फ्रेंच पत्त्यांनी, म्हणजे आपल्या नेहमीच्या बदाम-इस्पिकनं यास खेळतात. ब्रुनिग-नाप्फ-रॉइस अशी एक रेषा मानतात, तिच्या अलीकडे घुंगरं, पलीकडे चौकट. खेळ तोच, नियम तेच. मग रेषेच्या अलीकडच्या लोकांना भावना नसतात का? माझ्या नवऱ्याच्या मते नसतात, पण तो ऑफिसातल्या लोकांवर चिडलेला असतो.

अजून एक. यासमध्ये हुकमाचा उंटर सगळ्यात मोठा, त्याच्याखाली हुकमाची नव्वी, मग एक्का. ओळखीचं वाटतंय का कुणाला?

बंडूनाना

मंजिरीताई, आपला ३०४ चा खेळ!!! गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. आख्खी सुट्टी यात गेली आहे. गुलाम राजाच्या डोक्यावर बसतो हे लहानपणी फार न्याय्य वाटायचं.

मंजिरी_झु

तेच ते. आमच्याकडे हुकमाचा गुलाम २०, नव्वी १४, बाकी एक्का ११ आणि दश्शी १० अगदी तुमच्यासारखेच. डच लोकांमार्फत ही पद्धत आपल्याकडे आली असावी असं मानतात. पहिल्यांदा यास खेळायला बसले तेव्हा यजमानांनी नव्वीचं महत्त्व समजावायला सुरुवात केली आणि मी ती आधीच राखून ठेवलेली होती. तेव्हापासून मला भिडू म्हणून मागणी आहे.

बंडूनाना

३०४ मध्ये बंद हुकूम केव्हा उघडायचा यावर आमच्या दोन चुलत्यांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. योग्य नियम कोणता ते कुणी सांगेल का?

संपादक

त्यासाठी वेगळा धागा काढा नाना.

अनामिक_वाचक

मी वाचलं होतं की चार रंग म्हणजे समाजाचे चार थर. बदाम धर्मगुरू, इस्पिक सरदार, चौकट व्यापारी, किलवर शेतकरी. म्हणजे आपल्या चार वर्णांसारखंच. हे पटतं.

जुना_बाजार

पटतं म्हणूनच टिकून आहे. प्याला म्हणजे चर्चमधला, तलवार सरदाराची, नाणं वाण्याचं, सोटा कुळवाड्याचा, असंही चपखल बसवून दाखवतात. पण पत्ते युरोपात आले तेव्हा ही चिन्हं आधीच ठरलेली होती, आणि ती ठरली मामलुकांकडे, जिथे चर्चचा काही संबंध नव्हता. हा अर्थ मागाहून चढवलेला.

बदाम-इस्पिक-चौकट-किलवर ही चिन्हं फ्रान्समध्ये साधारण १४८० च्या आसपास स्थिरावली, आणि ती का टिकली याचं कारण अगदी बाजारू आहे. तलवार आणि प्याला छापायचा तर लाकडाचा ठसा कोरावा लागतो, वर हातानं रंगकाम. फ्रेंच चिन्हं सपाट, एकरंगी. पत्र्यात आकार कापला, वरून कुंचला फिरवला, झालं. दोन रंग, लाल आणि काळा. एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या पत्त्यांना ठसाच लागत नाही. रूआँ आणि लियाँच्या कारागिरांनी मग स्वस्तात इतके डाव काढले की त्यातलेच इंग्लंडला गेले, आणि इंग्रजांबरोबर सगळीकडे. बदामानं जग जिंकलं ते भावनेच्या नाही, भावाच्या जोरावर.

कमी_तिखट

काका आज फॉर्मात.

रातराणी

इस्पिकचा एक्का म्हणजे मृत्यू, हे तरी जुनं असेल ना? सिनेमात नेहमी तोच पडतो.

जुना_बाजार

त्याच्याभोवती फासाची गोष्ट आहे खरी, पण ती करखात्याची. इंग्लंडमध्ये १७११ पासून पत्त्यांवर कर वाढवला आणि भरल्याची खूण एका पत्त्यावर येऊ लागली. पुढे इस्पिकचा एक्का सरकारच छापू लागलं, कारखानदारानं तो विकत घ्यायचा. नक्कल करता येऊ नये म्हणून त्यावर एवढी नक्षी. आजही तोच एक्का सगळ्यांत नटलेला असतो तो त्यामुळे. नक्कल करणाऱ्याला देहदंड होता आणि १८०५ साली रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला त्यापायी लंडनमध्ये खरोखर फाशी दिलं. कर रद्द झाला १९६० मध्ये. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिक शत्रूला घाबरवायला हा एक्का टाकत जायचे, पण व्हिएतनामी माणसाला त्यातलं काही कळण्याचं कारण नव्हतं.

सावंतवाडीकर

एवढी सगळी मिलान-झुरिक झाली, आता जरा खाली कोकणात येवा.

आपल्याकडे याच्याहून कितीतरी अर्थपूर्ण रंग होते आणि अजून आहेत. गंजिफा. सावंतवाडीच्या राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये गेलात तर कलाकार बसून रंगवताना दिसतील. ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारींसारख्या जुन्या हातांना धरून ती पुन्हा उभी केली.

दशावतारी गंजिफात रंग दहा, प्रत्येकात बारा पत्ते, एकूण १२०. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, वराहाचे शंख, नरसिंहाची चक्रं, वामनाचे कमंडलू, परशुरामाचे परशू, रामाचे बाण, कृष्णाच्या गाई, बुद्धाची कमळं, कल्कीच्या तलवारी. गावोगावी यात थोडा फरक पडतो. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी. राजा म्हणजे खुद्द तो अवतार. पत्ता गोल, तळहातात मावेल एवढा. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, वर खडूचा लेप, मग घोटून घोटून गुळगुळीत करायचा, रंग, आणि शेवटी लाख. नवा पत्ता बोटांवरून घसरतो. कासवांची दश्शी हातात धरून बघा : दहा कासवं एवढ्याशा वर्तुळात, आणि प्रत्येकाचे चारही पाय बाहेर काढलेले. चितारीनं एकाचाही पाय चोरलेला नसतो.

खेळायला तिघं, प्रत्येकी ४० पत्ते. उतारी कुणाची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची, रात्री खेळत असाल तर ज्याच्याकडे कृष्णाचा. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी, आणि जन्मही एकाचा भर दुपारी, दुसऱ्याचा मध्यरात्री. वेगळा अर्थ सांगायला वर्ग लागत नाही, तो खेळाच्या नियमातच बसवलेला आहे.

हुकूम नाही. कुठला पत्ता पडून गेला हे लक्षात ठेवणं हाच खेळ. १२० पत्ते! म्हणून आता खेळणारे कमी, काचेच्या चौकटीत लावणारे जास्त.

आकाशवेल

हे फार म्हणजे फार सुंदर आहे. राम-कृष्णाचं वाचून काटा आला.

जुना_बाजार

सावंतवाडीकर, भर घालतो. मोगली गंजिफात रंग आठ, पत्ते ९६ : ताज, सफेद म्हणजे चांदीचं नाणं, शमशेर, गुलाम, चंग म्हणजे वीणेसारखं वाद्य, सुर्ख म्हणजे सोन्याचं नाणं, बरात म्हणजे सरकारी हुकूमनामा, आणि किमाश म्हणजे माल. तिथेही दिवसा सुर्खची उतारी, रात्री सफेदची. सोनं सूर्य, चांदी चंद्र. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. अबुल फझल तर बारा रंगांचा गंजिफा सांगतो : अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती असे एकेका बळाचे धनी, शेवटी अहिपती म्हणजे सापांचा राजा. आख्खी राज्यव्यवस्था पत्त्यांत.

खवचट_खान

सरकारी कागदाचा एक स्वतंत्र रंग! याहून भारतीय चिन्ह होणे नाही. बरातीची दश्शी म्हणजे दहा टेबलं फिरलेली फाईल.

तर्कटराव

आणि तो रंग 'प्रलंबित' तत्त्वाचा. (हलके घ्या.)

सावंतवाडीकर

एक सांगायचं राहिलं. गंजिफात निम्म्या रंगांत दश्शी मोठी, म्हणजे राजा, प्रधान, मग दहा, नऊ, आठ असं उतरत. उरलेल्या निम्म्यांत बरोबर उलटं : राजा, प्रधान, मग एक्का, दुर्री, तिर्री, आणि दश्शी सगळ्यात हलकी. नवा माणूस इथेच गडबडतो. असं का, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

जुना_बाजार

अहो, हीच तर या धाग्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट!

मोगली गंजिफात या दोन गटांना बिशबर आणि कमबर म्हणतात. ताज, सफेद, शमशेर, गुलाम हे बिशबर, बाकीचे चार कमबर. आणि आता बघा : इटलीच्या जुन्या टॅरोच्या खेळात तलवारी आणि दंडुके यांत दश्शी मोठी, पण प्याले आणि नाणी यांत उलटं, एक्का मोठा आणि दश्शी हलकी. 'लांब' रंग आणि 'गोल' रंग म्हणतात त्यांना. स्पेनच्या ओंब्र या पत्त्यांच्या खेळातही तसंच होतं. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० साली टॅरोच्या खेळाचा मोठा इतिहास लिहिला, त्यात या उलट्या क्रमाची नीट चिकित्सा आहे. सावंतवाडी आणि मिलान यांनी एकमेकांचं बघून हा विक्षिप्त नियम केला असेल हे संभवत नाही. दोघांचा मूळ झरा पश्चिम आशियातला कुठलातरी जुना खेळ असावा, असाच अंदाज बांधता येतो.

शर्वरीताई, तुमचा दुसरा प्रश्न : रंगांना मुळात अर्थ होता का? तत्त्व, ग्रह, भावना यांचा पुरावा जुन्या काळात मिळत नाही. पण कुठले रंग कुठल्या गटात, कुठे जास्त म्हणजे मोठं आणि कुठे कमी म्हणजे मोठं, ही विभागणी मात्र पाचशे वर्षांहून जुनी आहे. खेळणाऱ्यांना रंगाचा तेवढाच अर्थ लागत होता.

आकाशवेल

थांबा. आम्हाला शिकवतात की तलवारी आणि काठ्या पुरुषतत्त्व, प्याले आणि नाणी स्त्रीतत्त्व. ही तर तुमची लांब-गोल हीच वाटणी झाली!

जुना_बाजार

वाटणी तीच. नाव नवीन.

पुणे_टू_मिलान

शेजारच्या आजोबांना विचारलं. त्यांच्या गावच्या एका खेळात अजून असं उलटं मोजतात म्हणाले. कारण विचारलं तर म्हणाले, "प्यायचं आणि पैशाचं कमी असेल तेवढं बरं." हा अर्थ वर्गात सांगायला हरकत नाही.

किमोनोकर

थोडं अवांतर. मी ओसाकाला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजं गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला यायची, त्यांच्याबरोबर लॅटिन रंगांचे, म्हणजे प्याले-नाणी-तलवारी-सोटे असलेले, पत्ते जपानात आले. एक्क्यांवर ड्रॅगन असलेले. पुढे सरकारनं जुगार म्हणून बंदी घातली की कारागीर चित्रं बदलायचे, पुन्हा बंदी, पुन्हा बदल. शेवटी आली हानाफुदा : आकडे नाहीतच, बारा रंग म्हणजे बारा महिने. मार्चला चेरी, ऑगस्टला गवतावर उगवलेला चंद्र. निन्टेन्डो ही कंपनी १८८९ साली क्योटोत हेच पत्ते करायला निघाली, आणि अजूनही करते.

रातराणी

म्हणजे सुपर मारिओचे पणजोबा जुगाराचे पत्ते छापायचे. लेकाला सांगते, फार खूश होईल.

शर्वरी_पु

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बहिणीला धागा पाठवला. तिचं म्हणणं, इजिप्त गेलं तरी चालेल पण तत्त्वं सोडणार नाही, कारण पाठ करायला सोपी पडतात. तिचा एक प्रश्न : किलवर म्हणजे काठ्या आणि चौकट म्हणजे नाणी हे तरी पक्कं आहे का? तिनं उलटंही कुठेतरी पाहिलंय.

आकाशवेल

बदाम-प्याले आणि इस्पिक-तलवारी यावर सहसा कुणी भांडत नाही. किलवर-काठ्या आणि चौकट-नाणी ही रूढ जोडी, पण उलट घेणारेही आहेत. तत्त्वांतही तसंच, तलवारीला अग्नी आणि काठीला वायू मानणारे वाचक आहेत. तिला सांगा, एक पद्धत धर आणि ती मध्येच बदलू नकोस. समोरच्याला नियम अर्ध्या डावात बदललेला आवडत नाही, तो पत्ते खेळत असो की भविष्य ऐकत असो.

सावंतवाडीकर

आणि सवड काढून बहिणीला घेऊन या. दशावताराचा एक जुना डाव घरी आहे, तिसरा गडी मिळत नाही. दिवसा या, रात्री दिवे जातात.

मंजिरी_झु

डिसेंबरात येतेय. तिसरी मी.

बंडूनाना

मी वेगळा धागा काढला होता, "३०४ : बंद हुकूम केव्हा उघडावा?" त्यावर एकही प्रतिसाद नाही. इथेच विचारतो पुन्हा.